बरणीवरची सही

राइट टाउन, जबलपूर
८ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

प्रिय अवंतिका,

आधी मला एका गोष्टीचं सरळ उत्तर हवं आहे. आपल्या घरात ससा आणायची कल्पना मुळात कोणाची? तुझी आई म्हणते, तिची. पण एवढ्या वर्षांच्या संसारात जिने कधी मांजराला घोटभर दूध घातलं नाही, गच्चीत खार दिसली की जिला आधी वाळत घातलेल्या पापडांची काळजी, तिला एक दिवस अचानक मुक्या जनावरांचा कळवळा यावा, आणि तोसुद्धा तुझ्याशी तासभर फोनवर बोलणं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी? रांझीच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासनीस होतो. आलेला माल तपासायचा, पसंत पडला तर शिक्का मारायचा, नाही तर परत पाठवायचा. ठेकेदार माझ्यासमोर बसून चहा पिताना कप कसा धरतो त्यावरून त्याच्या मालात खोट आहे का ते मला कळायचं. तेव्हा तुम्ही दोघी काहीतरी शिजवताय हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

नोव्हेंबरपासून तुमची ही कुजबुज चालू आहे. मी खोलीत शिरलो की आईचा आवाज खाली येतो, मग ती उगाच मोठ्याने वांग्याचा भाव सांगायला लागते. माझी स्कूटर दुरुस्तीला गेली ती तेव्हाच. एवढीशी ती तक्रार, गाडी थंडीत चालू व्हायला वेळ घ्यायची, आणि त्यासाठी तीन महिने? विचारलं की आई म्हणते, पार्ट आला नाही. मी एकदा चालत जाऊन त्या मेकॅनिकला गाठलं, तर तो पान्याकडे बघत म्हणाला, पार्ट नहीं आया अंकलजी. माझ्या नजरेला नजर दिली नाही त्याने. त्या गाडीचे पार्ट या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण मी गप्प बसलो. पुरावा हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझी नोकरीतली सवय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती प्रणोती नावाची मुलगी आली. कॉलेजात शिकते, आणि चार मैत्रिणी मिळून जखमी, टाकून दिलेली जनावरं सांभाळतात. मझौलीच्या बाजारात कोणी एक जण भाजीच्या क्रेटमध्ये ससे कोंबून विकत होता, त्याच्याकडून यांनी सहा ससे सोडवून आणले. एकाच्या मागच्या पायात तार घुसली होती. तोच आपल्या वाट्याला आला. पण येण्याआधी त्या मुलीने आपलं घर तपासलं. हो, माझं घर. विजेच्या वायरी कुठून जातात, फरशी निसरडी आहे का, मे महिन्यात कूलर कुठल्या खोलीत लागतो, तुम्ही गावाला गेलात तर याच्याजवळ कोण राहील, सगळं विचारलं. वाकून दिवाणाखाली बघितलं. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र निम्मं हिंदीत. खरं सांगू, तिने दिवाणाखाली बघितलं तिथेच मला ती आवडली, नीट काम करणारी माणसं आता राहिली कुठे? फक्त एक गोष्ट खटकली. याचं रोजचं खाणंपिणं कोण बघेल, हा प्रश्न तिने माझ्याकडे न बघता तुझ्या आईकडे बघून विचारला. मी म्हणालो, मी बघेन. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, ते मी टिपून ठेवलं. तीन महिने परीक्षा, आपल्या हलगर्जीपणाने ससा आजारी पडला तर ती त्याला परत नेणार, अशी अट होती. मी अट दोनदा वाचली आणि खाली सही केली.

रंगाने राखी, आणि गळ्याभोवती उपरणं घेतल्यासारखा पांढरा पट्टा. म्हणून आईने त्याला पंत म्हणायला सुरुवात केली. पहिले चार दिवस पंत दिवाणाखालून बाहेर आले नाहीत. भांडं वाजलं, दार लागलं, बाहेर ऑटो थांबली, की मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचे. प्रणोती म्हणाली, संशय आला की ससे असंच करतात, बाकीच्यांना सावध करतात. आई हसली आणि म्हणाली, घरात आता दोन झाले. मला राग आला नाही. मी सतरंजी पसरली, वायरी पाइपात घातल्या, आणि रोज सकाळी खाली बसून पेपर वाचू लागलो. त्याच्याकडे बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. नवव्या दिवशी तो आला, माझ्या पायाचा वास घेतला आणि अंगठ्यावर हनुवटी घासून गेला. त्याचा अर्थही त्या मुलीनेच सांगितला. हनुवटी घासली म्हणजे ही वस्तू माझी, असं ससा जाहीर करतो. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारले, अवंतिका. माझ्यावर कोणी पसंतीचा शिक्का मारण्याची ही पहिलीच वेळ. तू बंगळूरला गेल्यापासून इतका आनंद मला कशाने झाला नव्हता, हे आता लिहून टाकतो.

सशाचं एक वाईट आहे. त्याला दुखलं तरी तो सांगत नाही. ओरडत नाही, कण्हत नाही, नुसता कोपऱ्यात बसतो. आपणच त्याच्यावर डोळा ठेवायचा, काल गवत किती खाल्लं, आज किती, लेंड्या रोजच्याएवढ्या आहेत का. हे काम माझ्यासारख्या माणसासाठीच आहे. वाळलं गवत दिवसभर पुढे असावं, थोडी कोथिंबीर, आणि विकतच्या दाण्याच्या गोळ्या सकाळी सपाट एक चमचा. त्यापेक्षा जास्त गोळ्या खाल्ल्या की तो गवत सोडतो, आणि गवत सुटलं की पोट बंद पडतं. पोट बंद पडलेला ससा एका दिवसात जातो. हे सगळं त्या मुलीने लिहून दिलेलं आहे आणि तो कागद मी फ्रिजवर लावला आहे.

तरीही वीस जानेवारीला पंत कुबड काढून बसले आणि गवताकडे बघेनात. प्रणोतीला बोलावलं, ऑटो करून डॉक्टरांकडे नेलं. पूर्ण वाटेत तो माझ्या मांडीवर टोपलीत होता आणि मी टोपलीच्या झाकणावर हात ठेवून बसलो होतो. डॉक्टरांनी पोट चाचपलं, औषध दिलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, याला गोळ्या फार होतायत, कोणीतरी मुठीने घालतंय. बाहेर आल्यावर ती मुलगी मला म्हणाली, "अंकल, मुझे अच्छा नहीं लग रहा बोलते हुए. पण पुन्हा असं झालं तर मी याला घेऊन जाईन." बरोबरच बोलली. तिच्या जागी मी असतो तर त्याच दिवशी नेला असता. पंत दोन दिवसांत सावरले, पण माझी झोप उडाली.

मी बरणी बघितली. गोळ्यांची काचेची बरणी, तीन महिने पुरायला हवी ती सहा आठवड्यांत तळाला लागली होती. घरात माणसं तीन. मी, तुझी आई आणि स्वयंपाकाची बेबी. बेबीचा हात सढळ, हे तुला माहीतच आहे. दारात आलेल्या गायीला ती पोळी दिल्याशिवाय राहत नाही. मी तिला समोर उभं करून विचारलं. ती म्हणाली, "साहेब, मी काहून घालीन? सकाळी तुम्हीच तर घालून राहिले होते. दोनदा पाहिलं मी." मला वाटलं, बघा, स्वतःचं झाकायला आता माझ्यावर ढकलते. कारखान्यात असे पुष्कळ बघितले होते. मी तिला म्हणालो, उद्यापासून येऊ नकोस. अकरा वर्षं आपल्याकडे होती ती. भांडली नाही, पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि गेली. आणि तुझी आई, जी भाजीत मीठ कमी म्हटलं तरी माझ्याशी वाद घालते, ती तेव्हा एक अक्षर बोलली नाही. मी तेही टिपून ठेवलं.

त्यानंतर नवी बरणी आणली तरी गोळ्यांची पातळी उतरतच होती. तेव्हा एक तारखेपासून मी कारखान्यातली पद्धत लावली. सकाळी चमचाभर गोळ्या घातल्या की बरणीचं झाकण लावायचं, झाकणावरून काचेवर येईल अशी कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायची, आणि तिच्यावर सही, तारीख, वेळ. बरणी उघडायची तर पट्टी फाडावीच लागते. दुसऱ्या दिवशी पट्टी शाबूत आणि सही माझी, म्हणजे मधे कोणी हात लावलेला नाही. अशा पट्टीने मी एकदा तीन पेट्यांची अदलाबदल पकडली होती. रोज बघत होतो, पट्टी शाबूत. सही माझी. आणि गोळ्या मात्र तिप्पट वेगाने संपतायत. म्हणजे कोणीतरी पट्टी फाडतंय, गोळ्या घालतंय आणि वर माझी खोटी सही करून नवी पट्टी लावतंय. माझी हुबेहूब सही करणारं या घरात एकच माणूस आहे. सातवीत तुझ्या प्रगतिपुस्तकावर माझी सही कोणी केली होती, हे मला कळलं नाही असं तुम्हाला वाटत होतं का?

मग परवा सकाळी मी तुझ्या आईला पकडलं. अंघोळ करून बाहेर येतो तर ती पंतांच्या वाटीशी उकिडवी बसलेली आणि मूठ गोळ्यांनी भरलेली. त्याच्या आदल्या दिवशी तिने बरणी गुपचूप स्वयंपाकघरात वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती, ती मी परत आणली होती. सगळं जुळत होतं. मी विचारलं, का करतेस हे? तो मेला तर तुला बरं वाटेल का? ती मूठ तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घ्या ना माझ्यावर संशय. मला चालते. पण चहा घेऊन घ्या आधी, थंड होऊन राहिला." काय उत्तर आहे हे? मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी पंतांनी पुन्हा गवत अर्धं टाकलं.

काल दुपारी ऊन खायला गच्चीत बसलो होतो. ते तपकिरी लोकरी जाकीट घातलं होतं, जे सकाळी उठल्यावर घालतो. चष्मा पुसायला फडकं हवं म्हणून खिशात हात घातला तर कागदाचे कपटे हाताला लागले. फाडलेल्या पट्ट्या. जमिनीवर कागदाचा कपटाही टाकायचा नाही, खिशात ठेवायचा, ही शिस्त आम्हाला पहिल्या वर्षी शिकवत आणि ती अजून माझ्या हातात आहे. सात दिवसांच्या सात किंवा सहा पट्ट्या निघायला हव्या होत्या. मी मोजल्या. सतरा होत्या. खाली येऊन टेबलावर मांडल्या, तुकडे जुळवले, तारखेने आणि वेळेने लावल्या. तीन फेब्रुवारी, सात वाजून पाच. तीन फेब्रुवारी, सात पन्नास. तीन फेब्रुवारी, नऊ वीस. भिंग घेतलं. माझ्या सहीत शेवटच्या रेषेखाली दोन ठिपके असतात, आणि त्यातला दुसरा कुठे द्यायचा ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या प्रगतिपुस्तकावर तो चुकीच्या जागी होता. या सतराही पट्ट्यांवर तो बरोबर जागी होता.

मी तीन फेब्रुवारीचे सात पन्नास आठवायचा प्रयत्न केला. सात पाच आठवतात. त्यानंतर एकदम दुपारचं जेवण आठवतं. रोज मी पट्टी शाबूत आहे का आणि सही माझी आहे का एवढंच बघत होतो. वर लिहिलेली वेळ एकदाही वाचली नाही. नवा शिकाऊ उमेदवार अशी चूक करतो. मग बेबीचं बोलणं आठवलं. आईच्या मुठीतल्या गोळ्या ती वाटीत घालत नव्हती, वाटीतून काढत होती. मी खूप घाबरलो, अवंतिका. कधी नव्हतो एवढा. स्वयंपाकघरात गेलो आणि आईला पट्ट्या दाखवल्या. म्हटलं, आता सगळं सांग, स्कूटरपासून सांग. तिने गॅस बंद केला आणि सांगितलं. नोव्हेंबरात मी सदर बाजारात औषधं आणायला म्हणून स्कूटरवर निघालो आणि रांझीला कारखान्याच्या फाटकावर पोहोचलो. ड्यूटीला उशीर झाला, आत सोडा, म्हणून पहारेकऱ्यांशी भांडत होतो. त्यातल्या एका जुन्या माणसाने मला ओळखलं, बाकावर बसवून पाणी दिलं आणि घरी फोन केला. तू त्या संध्याकाळी फोनवर रडत होतीस म्हणे. म्हणून स्कूटर गेली, आणि माझं मन घरात रमावं म्हणून ससा आला. मला यातलं काहीही आठवत नाही. कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं.

काल संध्याकाळी आम्ही दोघं ऑटोने बेबीच्या घरी गेलो. मी तिची माफी मागितली. तिच्या सुनेसमोर मागितली, कारण तिला काढलं होतं ते शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ती उद्यापासून येते. म्हणाली, बरणी बाईंपाशी द्या. दिली आहे. आज सकाळी आठ वाजता मी स्वतः प्रणोतीला फोन केला. सतरा पट्ट्यांची सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, अटीप्रमाणे तू पंतांना घेऊन जाऊ शकतेस, माझी तक्रार नाही. मग तिने विचारलं, गोळ्या आंटी घालतील ना? मी हो म्हणालो. तेव्हा म्हणाली, "तो फिर गवत तुम्ही घाला अंकल. गवत कितीही वेळा घातलं तरी त्याला काही होत नाही." मी फोन ठेवला आणि देवघरापाशी जाऊन उगाच उभा राहिलो. आत्ता हे लिहिताना पंत माझ्या शेजारी गवत खातायत. सकाळपासून मी किती वेळा घातलं ते मला माहीत नाही आणि मोजायचंही नाही.

आता हे पत्र का, ते सांगतो. फोनवर तू माझी समजूत घातली असतीस, आणि मला समजूत नको आहे. पुढच्या आठवड्यात ये आणि मला डॉक्टरांकडे घेऊन चल. आज मी यायला तयार आहे, सगळं खरं मानायला तयार आहे. पण मी स्वतःला चांगला ओळखतो. एक दिवस मी म्हणेन की मला काही झालेलं नाही, तुम्ही दोघींनी मिळून कट केला आहे, औषधाच्या नावाखाली मला काहीतरी चारताय. तुझ्या आईवर नको तो आळ घेईन. बेबीला पुन्हा हाकलेन. तुलासुद्धा दारात उभं करून विचारीन, तू कोण, कोणी पाठवलं? तेव्हा रडू नकोस आणि मला समजावत बसू नकोस, मी तुमच्यापैकी कोणाचंही ऐकणार नाही. माझं भिंग माझ्या हातात दे आणि हे पत्र माझ्यापुढे ठेव. मी आधी सही तपासेन, आणि ती माझीच निघेल. मग खालचं वाक्य मला वाचायला सांग. रत्नाकर, ही बाई कुंदा आहे आणि ही मुलगी अवंतिका आहे, मी दोघींना तपासून बघितलं आहे, या सांगतील ते खरं मान.

तुझाच,
बाबा

(रत्नाकर दामोदर टिल्लू)
८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं